हेरेम : ‘झोप हराम’मधला तोच तो

प्रश्न : बायबलमधल्या यरीहो शहराच्या कत्तलीच्या वर्णनात मूळ हिब्रू शब्द ‘हेरेम’ आहे आणि त्याचा अर्थ नुसता ‘समर्पण’ असा होतो, असं ऐकलं. खरं का? असे उतारे ख्रिस्ती माणसाने वाचावेत तरी कसे?

‘नुसता’ आधी खोडा. अडचणीची ओळ आली की ‘मूळ हिब्रूत तसं नाहीच मुळी’ म्हणून मोकळं व्हायचं, ही खोड फार बोकाळली आहे. यहोशवा ६:२१ मध्ये तलवार आहे आणि तिच्यापुढे पुरुष, बाया, पोरं, म्हातारे, बैल, मेंढरं, गाढवं. व्युत्पत्ती सांगून ही यादी पुसली जात नाही.

शब्द मात्र भलताच रसाळ आहे. ह-र-म हा सेमिटिक (हिब्रू-अरबीच्या भाषाकुळातला) धातू. त्याचीच अरबी भावंडं फारसीमार्गे आपल्याकडे आली: हराम, हरम (जनानखाना), हरामखोर. शिव्या सोडा, ‘डासांनी झोप हराम केली’ हे वाक्य घ्या. झोप जगातून गेलेली नाही, तुमच्या वाट्याची राहिली नाही, इतकंच. हेरेमचा गाभा हाच: माणसाच्या वापरातून कायमचं बाहेर. लेवीय २७:२८ मध्ये शेतसुद्धा हेरेम होतं. शेताला कोण ठार मारणार? ते विकता येत नाही, सोडवता येत नाही, परमपवित्र ठरतं. गणना १८:१४ प्रमाणे अशी वस्तू याजकाकडे जाते. यरीहोचं सोनं-रुपं परमेश्वराच्या भांडारात जायचं होतं. त्या लुटीतूनच आखान नावाच्या इस्राएली माणसाने शिनारचा (बाबेलकडचा) झगा, २०० शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी आणि ५० शेकेलची सोन्याची कांब लाटली. एज्रा १०:८ तर बघाच: ३ दिवसांत यरुशलेमेत न येणाऱ्याची मालमत्ता हेरेम, आणि माणूस मंडळीबाहेर. बाहेर, पण जिवंत! ग्रीक भाषांतरकारांनी इथे ‘अनाथेमा’ योजला, ज्याचा मुळात देवळात ठेवलेल्या नवसाच्या वस्तूशी संबंध. म्हणजे ‘समूळ नाश’ हे भाषांतर चूक नाही, पण ते परिणाम सांगतं, कल्पना गाळतं.

आता माझा हट्ट. हबक्कूक १:१५ आणि मीखा ७:२ मध्ये ‘हेरेम’ म्हणजे जाळं. कोशकार हा वेगळा धातू मानून वेगळी नोंद करतात. करोत बापडे. पण ऐकणाऱ्याचा कान नोंदी पाहून ऐकत नाही. फास आवळल्यावर आतलं सगळं एकाच धन्याचं, ही प्रतिमा त्याला दोन्हीकडे ऐकू येत असणार, असं मला ठामपणे वाटतं. मलाखीच्या हिब्रू पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द ‘हेरेम’ आहे, आणि तिथे ते जाळं मला तरी दिसतंच.

हां, वाचायचं कसं. उतारा त्याच्या जोडीदारासकट वाचा. ‘अनुवाद’ या पुस्तकात ७:२ म्हणतं, कनानातल्या राष्ट्रांचा हेरेम करा; लगेच ७:३ म्हणतं, त्यांच्याशी सोयरीक करू नका. मेलेल्यांशी सोयरीक कोण करतो? १ शमुवेल १५:८ मध्ये राजा अगाग सोडून सगळे अमालेकी (इस्राएलाचे जुने शत्रू) संपतात, तर ३०:१७ मध्ये त्यांचेच ४०० तरुण उंटांवर बसून पळतात. इस्राएलाशेजारच्या मवाबाचा राजा मेशा याच्या शिलालेखातही (तो १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धिबानला सापडला) हाच धातू आहे: नबो गाव घेतलं, ७,००० मारले, आपल्या देवतेसाठी हेरेम केले. विजयाची बढाई मारायची त्या मुलखातली ही भाषा होती.

एवढ्यावर हुश्श करू नका. बढाई वजा केली तर आकडा घटतो, आज्ञा घटत नाही. १ शमुवेल १५:३ मध्ये तान्ही बाळं आहेत आणि आज्ञा देवाच्या नावाने आहे. तिथे ‘मला हे कळत नाही’ म्हणणं हेही वाचनच. तोडगा सुचला नाही म्हणून कुणाच्या श्रद्धेवर शंका घेऊ नये. आणि विचारणाऱ्याला ‘देवाचे मार्ग निराळे’ म्हणून गप्प करणं ही नम्रता नव्हे, पळवाट आहे. हयात असलेल्या कुठल्याही समाजाला ‘अमालेकी’ म्हणणं तर या शब्दाचा सर्वांत घातक गैरवापर.

आणि हो, ‘हेरंब’शी हेरेमचा काडीचाही संबंध नाही. तो शब्द संस्कृत, हा सेमिटिक. नुसत्या ध्वनिसाम्यावर नाती जुळवू नयेत. (जाळ्याची गोष्ट वेगळी.)