विमानाच्या सामानकक्षातील दाब आणि आग

प्रश्न : विमानाच्या सामानकक्षात हवेचा दाब नसतो, त्यामुळे तेथे आग पेटूच शकत नाही, असे ऐकले. मग पॉवर बँक चेक-इन सामानात का ठेवू देत नाहीत? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळात हा समज चुकीचा आहे. प्रवासी विमानाच्या खालच्या सामानकक्षातही वरच्याइतकाच दाब राखला जातो, कारण दोहोंमधील तळफळी दाबातील मोठा फरक पेलण्यासाठी बांधलेली नसते. 1974 मध्ये पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाच्या सामानकक्षाचे दार उडाले, वरची तळफळी खचली, तिच्यातून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा निकामी झाल्या आणि सर्व 346 जण मृत्युमुखी पडले.

आगीबाबत बोलायचे, तर पूर्वी काही कक्ष नुसते हवाबंद ठेवीत. प्राणवायू संपला की आग विझेल, हा भरवसा. 11 मे 1996 रोजी फ्लोरिडात व्हॅल्यूजेटच्या डीसी-9 मध्ये तो फोल ठरला. कक्षातील रासायनिक प्राणवायू-जनित्रे पेटली आणि आगीला लागणारा प्राणवायू तीच पुरवत राहिली. 110 बळी गेले. त्यानंतर अमेरिकेने प्रवासी विमानांतील अशा कक्षांत धूरशोधक आणि आग दाबणारी (सहसा हॅलॉन वायूची) यंत्रणा सक्तीची केली. (1988 मधील एका घटनेनंतर तपासयंत्रणेने हीच शिफारस केली होती, हे खटकते.)

हॅलॉन ज्वाळा दाबतो. पण लिथियम बॅटरीत आतल्या आत भडकत जाणारी उष्णता त्याला थोपवता येत नाही. पॉवर बँक हातसामानात असली, तर धूर दिसताच कर्मचारी तिच्यावर पाणी ओतून ती थंड करू शकतात.