वाचकांचे प्रश्न : वेल्समधील रग्बी लीगची तुटक वंशावळ

प्रश्न : माझा भाचा शिक्षणासाठी कार्डिफला असून तेथील एका हौशी रग्बी लीग संघातून खेळतो. संघ स्थापन होऊन वीसेक वर्षेच झाली आहेत; तरीही संघातील जुनी मंडळी ‘आपली परंपरा १९०७ पासूनची’ असे सांगतात. हे कसे? शिवाय पूर्वी एक पैसाही न घेता रग्बी लीग खेळणाऱ्याला रग्बी युनियनचे दरवाजे कायमचे बंद होत, असेही तो सांगतो. ते खरे आहे का?

उत्तर : दुसरी गोष्ट अक्षरशः खरी आहे, पहिली मात्र जरा सैल अर्थाने घ्यावी लागेल. १९०७ साली सुरू झालेल्या वेल्श लीग संघांपैकी एकही आज उरलेला नाही. भाच्याच्या संघाला वारसा मिळाला आहे तो वारंवार मोडलेल्या प्रयत्नांचा. त्या प्रयत्नांच्या मोडण्यामागचे मुख्य कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच दडलेले असल्यामुळे दोन्हींचे उत्तर एकत्र देतो.

भांडणाचे मूळ खाड्यात आहे. सामन्यासाठी कामावर खाडा पडला की खाणीतल्या किंवा गिरणीतल्या खेळाडूचा त्या दिवसाचा रोज बुडे. तो भरून द्यावा, ही उत्तर इंग्लंडमधील संघांची मागणी रग्बीच्या मध्यवर्ती संस्थेने फेटाळली, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बावीस संघांनी वेगळी चूल मांडली आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. ही ‘नॉर्दर्न युनियन’ म्हणजेच आजची रग्बी लीग; मूळ संस्थेचा खेळ तो रग्बी युनियन. रांगेतून चेंडू आत फेकण्याची पद्धत तिने १८९७ मध्ये काढून टाकली, १९०६ मध्ये खेळाडू पंधरावरून तेरावर आणले आणि पकडला गेलेला खेळाडू उठून, चेंडू जमिनीवर ठेवून, पायाने मागे सरकवतो ती रीत सुरू केली.

वेल्समध्येही खेळाडू खाणकामगारच होते, मग तेथे तेव्हाच फूट का पडली नाही? माझ्या मते, तेथील संघटनेने सोयीस्कर डोळेझाक केली म्हणून. लोकप्रिय कर्णधार आर्थर गूल्ड यांना १८९७ मध्ये लोकवर्गणीतून घर भेट देण्यात आले, तेव्हा वेल्सने आंतरराष्ट्रीय मंडळातून काही काळ बाहेर पडणे पत्करले, पण भेट रोखली नाही. पैसे उजळ माथ्याने द्यायचे नाहीत आणि खेळाडूला नाराजही करायचे नाही, अशी ही तडजोड होती. ती १९०७ मध्ये ॲबरडेअर येथील चौकशीत उघडी पडली आणि ज्यांच्यावर कायमची बंदी आली त्यांत ‘तारू’, म्हणजे वेल्श भाषेत बैल, या नावाने ओळखले जाणारे डाय जोन्स होते. १९०५ मध्ये न्यूझीलंडच्या बलाढ्य युनियन संघाला ३-० असे हरवणाऱ्या वेल्स संघातील हे खेळाडू. १९०७ मध्येच मर्थर टिडफिल आणि एबू व्हेल हे दोन वेल्श संघ नॉर्दर्न युनियनमध्ये दाखल झाले. १ जानेवारी १९०८ रोजी ॲबरडेअरलाच वेल्सने आपला पहिला लीग सामना न्यूझीलंडविरुद्ध ९-८ असा जिंकला, तोही बंदी घातलेल्या जोन्स यांनी अखेरीस केलेल्या ट्रायच्या (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेल्या गुणांच्या) जोरावर. संघटनेला याहून झणझणीत उत्तर मिळणे कठीण होते.

सुरुवात अशी दणक्यात झाली, पण पुढे निभावले नाही. १९०८ मध्ये ॲबरडेअर, बॅरी, मिड-ऱ्हाँडा आणि ट्रेहर्बर्ट आले; पहिले तीन एकाच हंगामात बुडाले, ट्रेहर्बर्ट १९१० मध्ये, मर्थर १९११ मध्ये आणि एबू व्हेल १९१२ मध्ये आटोपले. बहुतेक प्रतिस्पर्धी उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर-लँकेशायरमध्ये असल्याने रेल्वेभाड्यातच तिजोरी रिकामी होई. पुढे १९२६ मध्ये पाँटिप्रिड, १९५१ मध्ये कार्डिफ आणि १९८१ मध्ये कार्डिफ सिटी ब्लू ड्रॅगन्स यांनी प्रयत्न केले, तेही टिकले नाहीत.

संघ टिकले नाहीत, खेळाडू मात्र उत्तरेकडे जात राहिले. बिली बॉस्टन यांना करारबद्ध करण्यासाठी विगन या उत्तरेकडच्या लीग संघाचे पदाधिकारी १९५३ मध्ये कार्डिफला त्यांच्या घरी आले आणि त्यांनी टेबलावर पंधराशे पौंड मांडले. पाहुणे आल्या पावली परत जावेत म्हणून आईने दुप्पट रक्कम मागितली, तर त्यांनी तीही मान्य केली, असे बॉस्टन सांगत आले आहेत. त्यांचा आणि याच वाटेने उत्तरेकडे गेलेल्या क्लाइव्ह सलिव्हन व गस रिस्मन यांचा एकत्रित पुतळा २०२३ पासून कार्डिफ बे येथे उभा आहे. भाच्याने तो पाहिला नसेल तर अवश्य पाहावा.

आता बंदीविषयी. युनियनच्या लेखी लीग खेळणे हाच व्यावसायिकतेचा पुरावा होता, मानधन घेतले की नाही हा प्रश्नच गौण. त्यामुळे घराजवळच्या मैदानावर फुकट लीग खेळू पाहणाऱ्या वेल्श तरुणाला गावातल्या युनियन क्लबावर, म्हणजे मित्रमंडळींवर आणि तिथल्या बैठकीवरच पाणी सोडावे लागे. उत्तरेकडचा करार मिळाला तर हा सौदा परवडे. हौसेपायी कोण करणार? हौशी लीगची मुळे तेथे रुजली नाहीत ती यामुळे. हौशी खेळाडूंना दोन्हीकडे खेळण्याची मुभा १९८७ मध्ये मिळाली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये युनियनने स्वतःच मानधन मान्य केल्यावर बंदीला अर्थ उरला नाही.

१९९७ मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये दहा हौशी संघांची उन्हाळी स्पर्धा सुरू झाली, तीच पुढे ‘रग्बी लीग कॉन्फरन्स’ झाली आणि २००३ पासून तिच्यात वेल्सचा स्वतंत्र विभाग आला. युनियनचा हंगाम हिवाळ्यातला असल्याने तेच खेळाडू उन्हाळ्यात लीगसाठी मोकळे असतात, आणि प्रतिस्पर्धी शेजारच्याच खोऱ्यातले असल्याने मर्थरला बुडवणारे रेल्वेभाडेही पडत नाही. भाच्याच्या संघातील किती जण हिवाळ्यात युनियन खेळतात, हे त्याला विचारून पाहा.