आजोबांच्या राणीछाप रुपयावर निळा-जांभळा रंग चढलाय, साफ करून घेऊ का? की कोणीतरी मुद्दाम रंगवलाय?

नका करू. आणि सोनाराकडे तर मुळीच नेऊ नका, तो प्रेमाने बफ मारून चकचकीत करून देईल आणि तुमच्याकडे नाण्याच्या नावाखाली फक्त चांदी उरेल.

तुम्ही लिहिलंय की 1862 चा रुपया आहे, कडेला निळा-जांभळा, आत येता येता तांबूस आणि मधे राणीच्या गालाजवळ फिक्कट सोनेरी. फोटो न बघता शंभर टक्के सांगता येत नाही, पण हा क्रम ऐकूनच मला बरं वाटलं, कारण चांदी आपणहून अशीच रंगते. या रुपयात 91.67 टक्के चांदी असते, बाकी मुख्यतः तांबं, वजन 11.66 ग्रॅम (जुना तोळा म्हणजे याचंच वजन). हवेतल्या गंधकाच्या वायूने वरच्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं. हा थर सुरुवातीला इतका पातळ असतो की पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर जसे रंग दिसतात तसे रंग दिसतात, त्यात वेगळा रंग असा काही नसतो, थराची जाडी बदलते तसा रंग बदलतो. आधी सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, मग जांभळा-निळा, आणि थर वाढतच गेला तर शेवटी काळा. कागदात, पुठ्ठ्याच्या डबीत किंवा कापडाच्या पुरचुंडीत ठेवलेल्या नाण्याला बऱ्याचदा कडेकडून गंधक लागतं म्हणून कड पुढच्या रंगात आणि मधला भाग मागे राहतो.

आता खरं-खोटं. टेबललॅम्पखाली नाणं कडेला धरून हळूहळू तिरकं करा. न झिजलेल्या चांगल्या नाण्यावर एक चकाकीचा पट्टा चक्रासारखा फिरतो, नैसर्गिक टोनिंग (म्हणजे आपणहून चढलेला हा रंग) असेल तर तो पट्टा रंगाच्या खालूनही फिरताना दिसतो. मग भिंग घेऊन अक्षरांजवळ बघा. अक्षराच्या उंच कडेला लागून रंग जरा फिका किंवा वेगळा असतो, एकातून दुसरा सावकाश विरघळत जातो. गंधकाचं पाणी लावून किंवा तापवून रंगवलेल्या नाण्यावर बहुतेक वेळा तसं नसतं, क्रमच चुकलेला असतो, सोनेरीवरून एकदम भडक निळा, किंवा डाग टाकल्यासारखे गोळे. आणि रंगाखाली बारीक समांतर ओरखडे दिसले तर समजायचं की कधीतरी कोणीतरी घासलेलं आणि नंतर परत रंग आलाय, मग तो रंग खरा असला तरी नाणं घासलेलंच.

हे इतकं कळकळीने लिहितोय कारण आमच्या घरी दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ताम्हणात हेच रुपये असायचे. पंचामृत, हळदीकुंकू, आणि आदल्या दिवशी आई चिंच आणि रांगोळीने घासून लखलखीत करायची, मीही बसायचो सोबत. त्यात एक 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया होता, ज्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून ओरड झाली आणि 1912 पासून तो बदलला. कॉलेजात असताना हे कळलं तेव्हा भिंग घेऊन बसलो, हत्ती शोधला, तर सोंडेच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा आणि सगळ्या झग्यावर रांगोळीच्या बारीक रेघा. आईला कधी बोललो नाही, तिची भक्ती होती ती. पण तो हत्ती परत येत नाही.

डिप नावाचं द्रावण मिळतं त्याने रंग क्षणात जातो, पण तो थर नाण्याच्याच चांदीपासून झालेला असतो हे लक्षात ठेवा, तो गेला की पृष्ठभागाची तेवढी चांदी गेली, दोन-चार वेळा केलं की फिरणारी चकाकीच मरते. फक्त एक गोष्ट काढावी लागते, हिरवट चिकट थर आला असेल तर. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या पीव्हीसीमुळे तो येतो आणि नाणं खात राहतो. शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या वाटीत बुडवायचं, घासायचं नाही, तसंच उचलून वाळू द्यायचं (खिडकी उघडी ठेवा, आग दूर). ॲसिटोनने टोनिंगला काही होत नाही.

किंमतीचं म्हणाल तर प्रत्येक रंगीत नाण्याला जास्त पैसे मिळतात असं नाही हो. अमेरिकेत मॉर्गन डॉलर (तिकडचे जुने चांदीचे डॉलर) सरकारी तिजोरीत कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षं पडून रंगले, त्यातल्या सुंदर रंगांच्या डॉलरवर लोक उड्या मारतात, ते बघून आपल्याकडेही मुद्दाम रंगवलेले रुपये फिरायला लागलेत. म्हणून विकत घेताना नुसत्या रंगासाठी जादा पैसे देऊ नका. तुमचा घरातलाच आहे, तुम्हाला ती भीती नाही.

ठेवायला पॉलिस्टरचं पाकीट किंवा नाण्यांसाठीची कडक प्लॅस्टिकची डबी (कॅप्सूल) घ्या, सोबत सिलिका जेल, आणि रबरबँड अजिबात नको, त्यात गंधक असतं. हात धुवून फक्त कडेने धरा. पूजेला लागतोच ना रुपया? आम्ही दोन नवी चांदीची नाणी घेतली, ताम्हणात ती असतात, आणि जुने रुपये पाकिटातच पाटावर बाजूला ठेवून त्यांना लांबूनच अक्षता वाहतो.