रडारने केलेल्या चित्राला ‘छायाचित्र’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे : मॅगेलन यानाकडून मिळालेली शुक्राच्या पृष्ठभागाची चित्रे मराठीत सर्रास ‘छायाचित्रे’ म्हणून छापली जातात, ते बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. ‘छाया’ म्हणजे सावली, तसेच प्रतिबिंबही. म्हणून फोटोसाठी हा शब्द चपखल बसला. पण फोटोला प्रकाश लागतो. शुक्राभोवती ढगांचे आवरण इतके दाट आहे की कक्षेतून साध्या कॅमेऱ्याला जमीन दिसतच नाही. मॅगेलनने १९९० ते १९९२ या काळात रडारने रेडिओलहरी खाली सोडल्या, त्या परतायला किती वेळ लागला, त्यांची वारंवारता किती बदलली हे मोजले. त्या मोजमापांतून ग्रहाचा सुमारे ९८ टक्के पृष्ठभाग चितारला गेला.

‘ती तर आकड्यांतून बनलेली चित्रे, म्हणून छायाचित्रे नव्हेत’ असे काही जण म्हणतात. हे कारण मात्र मला पटत नाही. मरिनर ४ या यानाने १९६५ मध्ये पाठवलेली मंगळाची चित्रेही आकड्यांच्याच रूपात आली होती. पहिल्या चित्राचे आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या तर अभियंत्यांनी शेजारी शेजारी लावून खडूंनी हाताने रंगवल्या! तरी ती छायाचित्रेच, कारण कॅमेऱ्यावर मंगळावरून आलेला सूर्यप्रकाश पडला होता.

शब्द चुकला की चित्र वाचणेही चुकते, म्हणून मी हा आग्रह धरतो. छायाचित्र म्हटले की काळा भाग म्हणजे सावली किंवा काळा खडक, असे आपण धरून चालतो. मॅगेलनच्या चित्रात काळा भाग बहुधा गुळगुळीत असतो : तिथून लहरी भलतीकडे परावर्तित होतात, यानाकडे फारशा येत नाहीत. खडबडीत जमीन उजळ दिसते. शुक्रावरचा मॅक्सवेल पर्वत लख्ख दिसतो तो बर्फामुळे नव्हे, तर तिथला पृष्ठभाग रेडिओलहरी जोरात परतवतो म्हणून. आणि या चित्रांतला तो प्रसिद्ध नारिंगी रंग? तो नंतर भरलेला आहे, व्हेनेरा १३ आणि १४ या सोव्हिएत यानांनी १९८२ मध्ये शुक्रावर उतरून घेतलेल्या रंगीत चित्रांवरून. ती मात्र खरीखुरी छायाचित्रे.

तेव्हा ‘रडारचित्र’ म्हणावे. छोटा शब्द आहे, कुणालाही कळतो. दोन्ही प्रकार एकत्र सांगायचे असतील तर ‘प्रतिमा’ चालेल. क्रियापदही जपून वापरावे. छायाचित्र ‘टिपतात’, रडारचित्र ‘तयार करतात’.