गल्ली सहा मीटरची, मजले अकरा
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

पुण्याच्या जुन्या वसाहतींतून या वेळी आलेली बहुतेक पत्रे शेजारच्या रिडेव्हलपमेंटबद्दल आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिले आहे.

आमच्या गल्लीत सगळ्या तीन मजली इमारती. त्यातली पहिली पाडून तिथे अकरा मजले येणार आहेत. रस्ता जेमतेम सहा मीटर. हे मंजूर होतेच कसे? (एरंडवणे)

मजले मोजण्याआधी रस्ता मोजा. 2020 मध्ये राज्यासाठी (मुंबई आणि काही क्षेत्रे वगळून) एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या तक्त्यानुसार पुण्यासारख्या शहरात नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) 1.1 वरच थांबतो. प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआरही (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला की 0.5 प्रीमियम आणि 0.4 टीडीआर धरून एफएसआय 2 होतो. जिने, लिफ्ट, बाल्कनी यांसाठी निवासी इमारतीला त्यावर 60 टक्क्यांपर्यंत ‘अँसिलरी’ (पूरक) क्षेत्र मिळते. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर सहा मीटर रस्त्याला 1,760 चौ.मी. बांधता येते, नऊ मीटरला 3,200. एका मजल्याला 320 चौ.मी. धरा. दहा मजले झाले, खाली पार्किंगचा एक. तुमचे अकरा असे जुळतात.

आता सहाचे नऊ कसे होतात ते पाहू. प्लॉटधारक पुढची दीड मीटरची पट्टी रस्त्यासाठी सोडतो आणि रुंद रस्त्याचा लाभ मागतो. यात एक अट आहे, आणि ती बहुतेकांना माहीत नसते: रुंदीकरण एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत सलग व्हायला हवे. एकाच प्लॉटपुढे गल्ली फुगली म्हणजे रस्ता रुंद झाला असे होत नाही. 2020 मध्येच पुणे महापालिकेत 323 रस्ते सहाचे नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हाही ‘हेच रस्ते का?’ यावरून वाद झाला होता. आपली गल्ली अशा आखणीत आहे का, हे आधी तपासा.

गल्लीच्या दोन्ही तोंडांशी आणि मध्ये, अशा तीन ठिकाणी कंपाउंड ते कंपाउंड टेप लावा. मग माहिती अधिकारात ‘फाइलची पाहणी’ मागा. नकाशे मोठे असतात, झेरॉक्सपेक्षा पाहणी स्वस्त आणि लवकर होते. मंजूर नकाशावर लिहिलेली रस्त्याची रुंदी, तिचा आधार असलेला आदेश आणि सोडलेल्या पट्टीची ताबापावती, एवढे तीनच कागद शोधा. तफावत दिसली तर जोते (प्लिंथ) तपासणीच्या आधी लेखी तक्रार द्या. जोत्यापर्यंत चूक दुरुस्त करणे सोपे असते. दहावा स्लॅब टाकून झाल्यावर कोणी काही पाडत नाही, दंड भरून नियमित करण्याची वाट शोधली जाते.

भोगवटा पत्र मिळाल्यावरही त्या दीड मीटरवर लक्ष ठेवा. तिथे हळूच कुंड्या येतात, मग साखळी, मग ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी.

शेजारी दोन बेसमेंट खणणार आहेत. आमची इमारत 1968 ची, लोडबेअरिंग (भार भिंतींवर). तडे गेले तर भरपाई कोण देणार? (प्रभात रोड)

तडा नवा आहे हे ज्याला दाखवता येते, त्यालाच भरपाई मिळते. म्हणून पहिला ब्रेकर चालण्याआधी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तुमच्या इमारतीची नोंद करून घ्या: प्रत्येक खोली, जिना, गच्ची, कंपाउंड भिंत. असलेल्या तड्याशेजारी पट्टी धरून फोटो काढा, टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला. मोठ्या तड्यांवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवा. काच फुटली तर तडा हलतो आहे. अहवालाची प्रत बिल्डरला देऊन पोच घ्या.

खोदाईचा ढोबळ हिशेब असा. तुमच्या पायाच्या तळापासून खाली 45 अंशांची तिरकी रेघ काढा. पाया दीड मीटर खोल आणि खड्डा चार मीटर असेल, तर फरक अडीच मीटर. खड्ड्याची कड पायापासून अडीच मीटरच्या आत आली की ती रेघ कापली जाते, आणि शोअरिंगशिवाय (खड्ड्याच्या कडांना आधार दिल्याशिवाय) खोदणे धोक्याचे. दोन बेसमेंटला खड्डा सात-आठ मीटरवर जातो, म्हणजे रेघ जवळपास नक्कीच कापली जाते. पुण्यात खाली काळा खडक असल्याने लोक निर्धास्त असतात, पण त्यावर मुरूम, काळी माती किंवा जुना भराव किती आहे हे ट्रायल पिट (चाचणीचा छोटा खड्डा) घेतल्याशिवाय कळत नाही. भराव सरळ उभा राहत नाही.

खड्ड्यातून उपसलेल्या पाण्याचा रंग रोज पाहा. स्वच्छ असेल तर ठीक. गढूळ पाणी सतत येत असेल तर त्याबरोबर माती वाहते आहे, आणि ती तुमच्या पायाखालचीही असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी काम थांबवून इंजिनिअरला बोलवायला लावा.

बिल्डरकडे दोन गोष्टी लेखी मागा: शोअरिंगचे डिझाइन, आणि त्रयस्थ नुकसानीचे कलम असलेल्या बांधकाम विम्याची प्रत. ‘काही होणार नाही’ हे तोंडी आश्वासन घेऊन घरी येऊ नका. ब्रेकरच्या आवाजाबद्दल एवढेच की निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवायला ध्वनिप्रदूषण नियमांनीच बंदी आहे. तशी चालली तर पोलिसांत तक्रार करता येते.

बारा फ्लॅटच्या जागी चाळीस येणार. पाणी पुरेल का? (कोथरूड)

माणशी रोज 135 लिटर आणि घरात पाच माणसे धरा. आज 8,100 लिटर लागतात, उद्या 27,000. नळाचे पाणी आहे तेवढेच राहिले तर 18,900 लिटर कमी पडतील, म्हणजे दहा हजारी टँकरच्या रोज दोन खेपा, त्याही तुमच्याच गल्लीतून. वाढीव नळजोड मंजूर आहे का आणि गल्लीतली मुख्य वाहिनी किती इंची आहे, हे पाणीपुरवठा विभागाला विचारा. ड्रेनेजचेही तेच. कुठले चेंबर सकाळी सात ते नऊ भरून वाहते याची नोंद आतापासून ठेवा. तक्रारीत ‘ड्रेनेज अपुरे आहे’ या वाक्यापेक्षा चेंबरची जागा, तारीख आणि फोटो जास्त काम करतात.

प्लॉटमधला जुना पिंपळ वाचेल का? (सहकारनगर)

वाचवता येतो, पण मुदत फार थोडी. झाड तोडण्याच्या अर्जाची नोटीस झाडावर लावावी लागते आणि वर्तमानपत्रातही द्यावी लागते. हरकतीला सात दिवस मिळतात. म्हणून रोज खोड पाहा, नोटीस दिसली की फोटो काढा. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचे झाड ‘हेरिटेज’ ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. अर्जात वय कमी दाखवलेले नाही ना, ते तपासा. हरकतीत भावना लिहू नका. झाडाचे नकाशावरील स्थान दाखवा आणि रॅम्प किंवा टाकी कुठे सरकवता येईल ते सांगा. बेसमेंट कंपाउंडच्या कडेपर्यंत असेल तर ‘बदली झाडे’ कुठल्या मातीत लावणार, हाही प्रश्न विचाराच.

उजेड आणि वारा अडवल्याबद्दल दावा टाकावा का? (एरंडवणे)

सुविधाधिकार कायदा 1882 मध्ये वीस वर्षे सलग मिळालेल्या उजेडाचा हक्क आहे, पण नुकसान ठोस आहे हे सिद्ध करावे लागते. थोडा अंधार वाढला एवढ्यावर दावा टिकत नाही. त्यापेक्षा बाजूचे सोडलेले अंतर नकाशाप्रमाणे आहे का ते मोजा. बाल्कन्या आणि डक्टचे पत्रे तिथेच बाहेर येतात.

नव्या इमारतीत पुरेसे पार्किंग दाखवले आहे. तरी गाड्या रस्त्यावर येतील का? (कोथरूड)

यांत्रिक पार्किंग असेल तर बहुधा येतील. साध्या दुमजली स्टॅकमध्ये खालची गाडी हलवल्याशिवाय वरची निघत नाही. सकाळच्या घाईत लोक कंटाळतात आणि गाडी बाहेर लावू लागतात. सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मध्ये सुमारे 2.4 मीटर उरतात. अग्निशमन बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. म्हणून एका बाजूला ‘नो पार्किंग’चा अर्ज वाहतूक पोलिसांकडे आत्ताच द्या, नवे सभासद राहायला आल्यावर नव्हे.