परवान्याचा मसुदा ओला असतानाच जा

अनेक आशीर्वाद.

पाणीदर ठरवणाऱ्या नियामकाकडे तू रुजू झालीस हे कळलं, आनंद झाला. पहिले काही महिने तुझ्यापुढे एक्सेलच्या फायलींचा ढीग असेल: भांडवलावरचा परतावा, घसारा, कर्जाचं व्याज. ते सगळं शीकच. पण त्यातले बरेच आकडे तुमच्या कार्यालयात जन्मलेले नसतात. पर्यावरण नियामक एखाद्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या परवान्यात फॉस्फरसची मर्यादा खाली आणतो आणि ती पाळायला कंपनीला खर्च करावा लागतो, तेव्हाच पुढच्या पाणीपट्टीचा एक भाग ठरून गेलेला असतो. सही त्याची, वसुली तुमच्या आदेशाने. म्हणून माझं सांगणं एवढंच की, कंपनीचा दरप्रस्ताव टेबलावर आल्यावर पर्यावरण नियामकाकडे धावू नकोस. त्यांचा परवाना मसुद्यात असतानाच जा.

अभ्यासाला इंग्लंड घे. 1989 मध्ये तिथल्या पाणी कंपन्या खासगी झाल्या. दरांवर ऑफवॉट या नियामकाची देखरेख, नद्यांवर आज एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या पर्यावरण नियामकाची, पिण्याच्या पाण्याच्या दर्जावर तिसऱ्याच यंत्रणेची. दर पाच वर्षांसाठी ठरतात. त्याआधी एजन्सी पर्यावरणासाठी करायच्या कामांचा कार्यक्रम आखते, कंपन्या तो आपल्या आराखड्यात घालतात आणि ऑफवॉट खर्चाला कात्री लावतो. म्हणजे काम एकाने सांगायचं आणि किती पैशांत ते दुसऱ्याने.

गोची इथेच आहे. नदीत काय सुधारायला हवं याऐवजी कामांच्या यादीत काय बांधायचं तेच येतं. कंपनीला त्याचं दुःख नसतं, कारण बांधकाम भांडवलात धरलं जातं आणि त्यावर वर्षानुवर्षं परतावा मिळतो. शेतातून वाहून येणारं खत रोखण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले तर तो चालू खर्च, त्यावर परतावा कसला? हा कल ओळखूनच ऑफवॉटने 2014 च्या दरनिश्चितीत भांडवली आणि चालू खर्च एकत्र तपासायला सुरुवात केली. पाऊल योग्य होतं, पण दरवाल्याच्या एकट्याच्या हातात अर्धीच किल्ली असते. नॉरफोकमध्ये इंगोल्डिस्थॉर्पला प्रक्रिया केलेलं सांडपाणी नदीत सोडण्याआधी मुद्दाम तयार केलेल्या पाणथळीतून नेतात. अमोनिया आणि फॉस्फेट तिथे आणखी कमी होतं. अशी पाणथळ हंगामाप्रमाणे कमीजास्त काम करणार. परवाना देणाऱ्याला हे चढउतार चालतील का, आणि दर ठरवणाऱ्याला तिच्या देखभालीचा खर्च मान्य आहे का? एकाने जरी मान हलवली नाही तरी कंपनी रसायन मिसळायची टाकीच बांधणार, आणि तिला दोष देता येणार नाही.

पैसे गोळा झाले, काम झालंच नाही, हे दुसरं दुखणं. डिसेंबर 2024 मध्ये ऑफवॉटने 2025 ते 2030 साठी 104 अब्ज पौंडांच्या खर्चाला मान्यता दिली. घरगुती बिलं पाच वर्षांत महागाई वगळून सरासरी 36 टक्के वाढणार, असं तेव्हा ठरलं. सोबत अट घातली की, ठरलेलं काम झालं नाही तर त्याचे पैसे ग्राहकांकडे परत जातील. चांगली अट आहे. पण काम ‘झालं’ हे कोण म्हणणार? पंप बसला की झालं, की परवान्याची मर्यादा पाळली गेली की झालं? व्याख्या दोन्ही नियामकांनी एकत्र लिहिली नसेल तर कंपनी दोघांना दोन वेगळे अहवाल दाखवेल आणि दोन्ही खरे असतील.

तपासाच्या बाबतीत मात्र जपून. नोव्हेंबर 2021 मध्ये या दोन्ही संस्थांनी सांडपाणी केंद्रांची चौकशी एकाच वेळी जाहीर केली, पण स्वतंत्रपणे: एजन्सीची फौजदारी, ऑफवॉटची कंपन्यांच्या कायदेशीर जबाबदाऱ्या आणि व्यवसाय-परवान्याच्या अटींबाबत. कोणती माहिती कोणाला देता येते, हे वकिलांकडून आधी लिहून घे. फोनवरच्या मैत्रीत दिलेला एक कागद खटला बुडवू शकतो.

जुलै 2025 मध्ये, पाणी क्षेत्राच्या आढाव्यासाठी सरकारने नेमलेल्या जॉन कनलिफ यांच्या आयोगाने ऑफवॉट बंद करून सगळं एकाच नियामकाकडे देण्याची शिफारस केली आणि सरकारने ती उचलली. तुझ्याकडेही कोणीतरी हा उपाय सुचवेलच. मला त्याचा फारसा उत्साह नाही. नदीला हवं ते आणि ग्राहकाला परवडतं ते यांतला ताण खरा आहे. एका छताखाली आला म्हणून तो मिटत नाही, फक्त अंतर्गत टिपणीत जातो आणि बाहेरच्या कोणाला वाचायला मिळत नाही. मतभेद असतील तर दोन्ही संस्थांनी ते सही करून प्रसिद्ध करावेत, असं मला वाटतं. वरिष्ठांना हे आवडणार नाही, ते सोड.

आता लगेच करायचं काम. पुढच्या दरचक्रात मुदत संपणारे किंवा बदलणारे परवाने आणि तुमच्या दरनिश्चितीच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी मांड. दर ठरून गेल्यावर ज्यांच्या अटी बदलणार आहेत, असे परवाने वेगळे काढ आणि तेवढेच घेऊन पर्यावरण नियामकाच्या इंजिनिअरला भेट. साहेबांना नंतर भेटता येईल.