शेजारचा चौदा वर्षांचा मुलगा कुणासाठी तरी अमली पदार्थांची पाकिटे पोहोचवतो असा संशय आहे. तक्रार केल्यास त्याचेच नुकसान होईल का?

आपल्याला हे खटकले, हेच विशेष. बहुतेकांना अशा ठिकाणी फक्त वाया गेलेले पोर दिसते.

मी शाळेत शिकवत असताना नववीतल्या एका मुलाकडे घरच्यांनी घेऊन न दिलेला महागडा फोन आला, मधल्या सुट्टीनंतर तो वर्गातून नाहीसा होऊ लागला आणि दप्तरातला फोन थरथरला की त्याचा चेहरा पांढराफटक पडू लागला. पैसे मिळू लागलेले पोर फोन आल्यावर खूश व्हायला हवे. हा घाबरत होता, आणि माझ्या मते खरी खूण तीच होती. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे, की शाळेचे नाव खराब होण्याआधी त्याच्या हातात दाखला ठेवावा. त्यावरून आमची चांगलीच जुंपली. शाळेतून काढलेला मुलगा त्या लोकांना दिवसभर आयताच सापडतो, एवढी साधी गोष्ट त्यांना पटेना. मी 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कळवले. पुढे त्याच्या आईकडून समजले, की त्याच्याकडचे एक पाकीट वाटेत हिसकावले गेले होते, त्याची भरपाई त्याच्याच डोक्यावर बसवली होती, आणि हिसकावणारे त्याच टोळीतले होते. पोराला देण्यात अडकवून ठेवण्याची ही ठरलेली रीत आहे.

‘त्याला काय कळत नव्हते?’ या मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 78 नुसार मुलाकरवी अमली पदार्थांची ने-आण करवणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 मध्ये तर मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्यास किमान तीन आणि कमाल दहा वर्षांचा कारावास आहे, आणि तो गुन्हा घडलाच, तर जणू त्या प्रौढानेच केला असे धरून त्याचीही शिक्षा त्याला होते. मुलाची संमती होती की नाही, हे कलम विचारतच नाही.

आता आपल्या प्रश्नाबद्दल. चौदा वर्षांच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालत नाही, आणि दोषी ठरला तरी 2015 च्याच कायद्याचे कलम 24 त्याला त्यापायी पुढे कोणतीही अपात्रता चिकटू देत नाही. चौकशीचा त्रास मात्र होतो. होणार नाही असे मी म्हणणार नाही.

प्रत्येक नवा फोन म्हणजे टोळी नव्हे, हेही खरे. त्याचे दप्तर तपासू नका, उलटतपासणी घेऊ नका. वेळा, गाड्यांचे क्रमांक, येणारी माणसे टिपून ठेवा आणि 1098 वर सांगा. जिवाला धोका दिसला तर थेट 112. बौद्धिक अपंगत्व असलेल्या किंवा एकाकी वृद्ध माणसांनाही असेच वापरले जाते, त्यांची बँक खाती लुटीचे पैसे फिरवण्यासाठी घेतली जातात. परंतु 1098 अठरा वर्षांखालील मुलांसाठी आहे, तेव्हा तिथे पोलीसच गाठावे लागतात. मुलाच्या शाळेला कळवायचे की नाही, ते मुख्याध्यापक कसे आहेत हे पाहून ठरवा.